मूतखड्याची पीसीएनएल : सुई कुठल्या वाटेने घालायची, हे कसं ठरतं?

अबोली
माझ्या दादाच्या डाव्या मूत्रपिंडात मोठा खडा निघालाय. सीटी स्कॅनच्या अहवालात 'स्टॅगहॉर्न', म्हणजे शिंगासारखे फाटे फुटलेला, असं लिहिलंय. खड्याचा मुख्य भाग पेल्विसमध्ये, म्हणजे मूत्रपिंडाच्या मधल्या पोकळीत आहे, एक फाटा वरच्या कप्प्यात गेलाय आणि एक खालच्या. आम्ही दोन यूरोलॉजिस्टना दाखवलं. पीसीएनएल, म्हणजे छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून खडा फोडून काढायचा, यावर दोघांचं एकमत आहे. मतभेद आहे तो वाटेवर.

पहिले डॉक्टर म्हणाले, बरगडीच्या खालून, खालच्या कप्प्यातून शिरू, ते सुरक्षित. वरचा फाटा हाती लागला नाही तर दुसरं छिद्र करू किंवा नंतर पुन्हा पाहू. दुसरे म्हणाले, बाराव्या बरगडीच्या वरून, वरच्या कप्प्यातून गेलो तर बहुतेक सगळा खडा एकाच वाटेने निघेल, पण फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याचा धोका थोडा जास्त आहे.

दोघांनीही शांतपणे समजावलं, दोघंही अनुभवी आहेत, म्हणूनच जास्त गोंधळ झालाय. कुठल्या डॉक्टरांकडे जावं हा सल्ला नकोय. वाट ठरवताना नेमकं काय काय बघतात ते समजून घ्यायचंय, म्हणजे पुढच्या भेटीत आम्हाला योग्य ते प्रश्न विचारता येतील.

पाऊलवाट
माझं ऑपरेशन खालच्या कप्प्यातून झालं होतं. खडा एकच होता आणि पेल्विसमध्येच होता, फाटे नव्हते. त्रास असा झाला नाही. पण तेव्हा 'कुठून जाणार' हा प्रश्न विचारायचं सुचलंच नाही, त्यामुळे धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

शांतिसागर
पाठीला भोक पाडायचंच कशाला? आता लघवीच्या मार्गाने बारीक लवचीक दुर्बीण वर नेऊन लेसरने खडा जाळतात, आरआयआरएस म्हणतात त्याला. छेद नाही, टाका नाही. माझ्या मेव्हण्याचा तसाच काढला.

शल्यशलाका
मी यूरोलॉजिस्ट आहे. आधी शांतिसागर यांच्या मुद्द्याचं उत्तर देतो. आरआयआरएस उत्तम आहे, पण खड्याचा आकार बघून. युरोपच्या आणि अमेरिकेच्या यूरोलॉजी संघटनांच्या मार्गदर्शक सूचना पाहा: २० मिमीपेक्षा मोठ्या मूत्रपिंडातल्या खड्यासाठी पहिली पसंती पीसीएनएलच. लवचीक दुर्बिणीतून मोठा खडा फोडायला फार वेळ लागतो, चुरा आत राहतो आणि बऱ्याचदा दोनतीन वेळा भूल द्यावी लागते. स्टॅगहॉर्न खड्यात तर जंतू खड्याच्या आतच बसलेले असू शकतात, तिथे तुकडे मागे ठेवणं महागात पडतं. मेव्हण्यांचा खडा लहान असणार.

आता अबोली यांचा प्रश्न. स्कॅन माझ्यासमोर नाही, तेव्हा तुमच्या दादांसाठी कुठली वाट बरोबर ते मी सांगणार नाही. पण विचार कसा चालतो ते सविस्तर लिहितो, कारण पीसीएनएलमधला सगळ्यात मोठा निर्णय हाच आहे. खडा फोडणं त्यामानाने सोपं. सुई योग्य कप्प्यात, योग्य कोनात गेली की पुढचं ऑपरेशन सरळ होतं. ती नको तिथून गेली की पुढचा सगळा वेळ त्या वाटेशी झगडण्यात जातो.

मूत्रपिंडं पोटाच्या पोकळीत नसतात. ती उदरपटलाच्या, म्हणजे पोटातल्या अवयवांभोवतीच्या पातळ पडद्याच्या मागे, पाठीच्या स्नायूंना लागून असतात, म्हणून तर पाठीकडून किंवा कुशीतून थेट शिरता येतं. ती सरळ उभीही नसतात. वरचं टोक कण्याजवळ आणि पाठीकडे झुकलेलं, खालचं टोक बाहेरच्या बाजूला आणि थोडं पुढे. आत लघवी उतरते ते छोटे कप्पे म्हणजे कॅलिक्स. त्यांच्या अरुंद माना एकत्र येऊन मधली पेल्विस होते आणि तिथून मूत्रवाहिनी खाली जाते. कप्प्यांच्या ढोबळमानाने दोन रांगा असतात, एक पुढची आणि एक मागची. पाठीकडून येणाऱ्या सुईला मागच्या रांगेतला कप्पा हवा, कारण तिथून शिरलं की पेल्विस समोर येते. पुढच्या रांगेतल्या कप्प्यात शिरलं तर पेल्विसकडे जाण्यासाठी दुर्बीण फार मोठ्या कोनात वळवावी लागते. पीसीएनएलची मुख्य दुर्बीण धातूची, ताठ असते. ती वळत नाही. जबरदस्तीने वळवली तर कप्प्याची मान फाटते आणि रक्त वाहू लागतं.

रक्त हा दुसरा विचार. मूत्रपिंडाच्या धमनीच्या पुढच्या आणि मागच्या शाखा वेगवेगळ्या भागांना रक्त देतात. त्यांच्या सीमेवर, बाहेरच्या कडेच्या थोडं मागे, एक पट्टा असा असतो की तिथे मोठ्या वाहिन्या कमी. त्याला ब्रोडेलची रेषा म्हणतात. मागच्या रांगेतल्या कप्प्यात त्याच्या टोकाकडून, पॅपिलाच्या (कप्प्याच्या टोकाशी लघवी जिथून उतरते त्या उंचवट्याच्या) मधोमध शिरलं तर सुई साधारण या पट्ट्यातून जाते. याउलट कप्प्याच्या मानेभोवती मोठ्या वाहिन्यांचं कडं असतं. ब्राझीलचे शरीररचनातज्ज्ञ सांपायो यांनी मूत्रपिंडांचे राळेचे साचे बनवून हे तपासलं होतं. वरच्या कप्प्याच्या मानेतून सुई घातली तेव्हा सुमारे ६७ टक्के साच्यांत वाहिनीला इजा झाल्याचं दिसलं. कप्प्याच्या टोकाकडून घातली तेव्हा ८ टक्क्यांहून कमी, आणि त्याही शिरा होत्या, धमन्या नव्हत्या. वरच्या कप्प्याच्या मानेमागून मूत्रपिंडाच्या मागच्या भागाला रक्त देणारी धमनी जाते, तिला आम्ही सगळेच जपतो.

आता तुमचे दोन डॉक्टर. वरच्या कप्प्यातून शिरलं की दुर्बीण मूत्रपिंडाच्या लांबीच्या दिशेने सरळ उतरते. वरचा कप्पा, पेल्विस, खालचा कप्पा, अगदी मूत्रवाहिनीचं वरचं तोंडसुद्धा एका रेषेत येतं. फाटे असलेल्या खड्यासाठी ही वाट फार सोयीची, दुसरे डॉक्टर म्हणतात त्यात तथ्य आहे. पण वरचा कप्पा बरगड्यांच्या आड असतो. तिथे पोचायला अनेकदा बाराव्या बरगडीच्या वरून जावं लागतं, आणि तिथे फुप्फुसाचं आवरण शेजारी आहे. खालच्या कप्प्यातून शिरलं तर छाती सुरक्षित राहते, पण ताठ दुर्बिणीने वरच्या फाट्यापर्यंत पोचणं कठीण. पहिल्या डॉक्टरांनी 'दुसरं छिद्र' म्हटलं ते त्यामुळेच. दोघांचंही म्हणणं पुस्तकाला धरून आहे. कोणाचं लागू पडतं ते दादांच्या स्कॅनवर आणि दादांवर अवलंबून आहे.

पाऊलवाट
एवढं सविस्तर उत्तर पहिल्यांदाच वाचलं. एक शंका: फुप्फुसाच्या आवरणाला इजा होते म्हणजे नेमकं काय होतं? आणि 'थोडा जास्त' धोका म्हणजे किती?

शल्यशलाका
आवरणाच्या दोन थरांमधल्या पोकळीत हवा, रक्त किंवा धुण्याचं पाणी शिरतं. बहुतेक वेळा पाणीच, कारण ऑपरेशनभर आत सलाईन वाहत असतं. थोडं असेल तर नुसतं लक्ष ठेवतात, जास्त असेल तर छातीत नळी घालून काढावं लागतं. फुप्फुसालाच इजा होणं दुर्मीळ.

किती, हे किती वर गेलात त्यावर. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बरगडीखालून केलेल्या वाटांत सगळ्या प्रकारची गुंतागुंत मिळून सुमारे ४.५ टक्के होती, बाराव्या बरगडीवरून केलेल्यांत ९.७, आणि अकराव्या बरगडीच्या वरून केलेल्यांत थेट ३४.६ टक्के. म्हणून 'बरगडीवरून' एवढंच ऐकून घेऊ नका. कुठल्या बरगडीवरून, ते विचारा. बाराव्या आणि अकराव्या बरगडीत एका बोटाचं अंतर असेल, पण धोका एकदम चढतो.

बाराव्या बरगडीवरून जातानाही जागा असते. आवरणाची खालची कड बाराव्या बरगडीला तिरकी छेदून जाते. बरगडीचा कण्याकडचा भाग तिच्या आड, बाहेरचा भाग बराचसा मोकळा. म्हणून सुई बरगडीच्या बाहेरच्या अर्ध्यावर ठेवायची. शिवाय प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला वाहिन्या आणि मज्जातंतू चिकटून असतात. सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला घासून गेली पाहिजे, वरच्या बरगडीच्या खालून नव्हे. नाहीतर रक्त तर जातंच, ऑपरेशननंतर श्वास घेतानाही दुखत राहतं.

क्षकिरण
रेडिओलॉजी हा माझा विषय. सीटीमध्ये आम्ही या प्रश्नासाठी काय पाहतो ते लिहिते, कारण अहवालात बहुतेक वेळा खड्याचं माप आणि घनता एवढंच असतं, वाटेबद्दल एक ओळही नसते. मला ते खटकतं.

पहिलं, मोठं आतडं. काही जणांत उतरतं किंवा चढतं मोठं आतडं मूत्रपिंडाच्या बाजूला न राहता मागे सरकलेलं असतं. उताणं झोपवून काढलेल्या सीटीत हे सुमारे २ टक्क्यांत आढळलं, आणि पालथं झोपवून काढलेल्या सीटीत सुमारे १० टक्क्यांत. म्हणजे स्कॅन उताणा आणि ऑपरेशन पालथं असेल, तर स्कॅनमध्ये सुरक्षित दिसलेली वाट टेबलावर तशीच असेल असं नाही. डावी बाजू आणि खालचा कप्पा इथे हा धोका जास्त. अगदी बारीक अंगाची माणसं, वयस्कर व्यक्ती, आतड्याचं आधी ऑपरेशन झालेले, घोड्याच्या नालाच्या आकाराचं जोडलेलं मूत्रपिंड असलेले, यांत आम्ही मुद्दाम बघतो. अबोली, तुमच्या दादांचा खडा डावीकडे आहे. 'खालचा कप्पा सुरक्षित' हे वाक्य छातीपुरतं बरोबर आहे; आतड्यापुरतं ते स्कॅनमध्ये बघूनच म्हणता येईल.

दुसरं, वरच्या वाटेवर डावीकडे प्लीहा आणि उजवीकडे यकृत. त्यांचा आकार नेहमीसारखा असेल तर बाराव्या बरगडीवरच्या वाटेत ते सहसा येत नाहीत. वाढलेले असतील तर हिशेब बदलतो.

तिसरं, श्वास. सीटी काढताना आम्ही श्वास भरून रोखायला सांगतो. तेव्हा मूत्रपिंड खाली आलेलं असतं आणि फुप्फुसही. ऑपरेशनच्या वेळी श्वासाची स्थिती वेगळी असते. स्कॅनवर बरगडीखाली दिसणारा वरचा कप्पा टेबलावर बरगडीआड गेलेला असू शकतो.

चौथं, कप्प्यांच्या माना. किती रुंद, किती लांब, कुठल्या कोनात. खड्याचा फाटा ज्या कप्प्यात आहे त्याची मान अरुंद असेल तर कुठल्याही दुसऱ्या कप्प्यातून तो काढणं अवघड. सीटी यूरोग्राफी केली असेल, म्हणजे औषध टोचून उशिराची चित्रं घेतली असतील, तर हे छान दिसतं.

अबोली
क्षकिरणताई, आतड्याचं आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. आतड्याला लागलंच तर काय होतं? ऐकूनच भीती वाटली.

क्षकिरण
घाबरू नका. आतड्याला इजा होण्याचं प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे. झालीच आणि उदरपटलाच्या बाहेर राहिली, तर बहुतेकांचं पोट उघडावं लागत नाही. मूत्रपिंडात ठेवलेली नळी मागे ओढून आतड्यात ठेवतात, मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट, म्हणजे लघवी उतरती ठेवणारी बारीक नळी घालतात, प्रतिजैविकं देतात; दोन्ही मार्ग वेगळे झाले की ते भरून येतं. मात्र ती वेळेवर लक्षात येणं महत्त्वाचं आहे.

भूलतज्ज्ञ_म
श्वासाच्या मुद्द्याला जोडून. बरगडीवरून सुई जाणार असेल तेव्हा सर्जन मला सांगतात, आणि मी श्वास सोडलेल्या स्थितीत काही क्षण व्हेंटिलेटर थांबवते. फुप्फुस वर सरकतं, मग सुई पुढे जाते. अशा केसला पूर्ण भूल आणि श्वासनलिकेत नळी मला हवी असते. मणक्यातल्या भुलीखालीही पीसीएनएल होते आणि खालच्या कप्प्यासाठी ती अनेकांना चालते, पण श्वास माझ्या हातात असण्याचा इथे फायदा आहे. ऑपरेशन संपताना टेबलावरच छातीचं चित्र बघून घेतलं जातं, आणि नंतर वॉर्डात श्वास, ऑक्सिजन आणि खांदेदुखी यांकडे लक्ष.

अबोली, दादा धूम्रपान करतात का? दमा, सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होण्याचा जुनाट आजार), पूर्वी क्षयरोग, छातीचं काही ऑपरेशन? हे दोन्ही डॉक्टरांना सांगितलंय का? ज्याचं फुप्फुस आधीच कसंबसं काम भागवतंय, त्याच्या छातीत पाणी साठणं आणि निरोगी माणसाच्या छातीत साठणं ही एकच गुंतागुंत नव्हे.

अबोली
दादा खूप वर्षं सिगारेट ओढत होता, आता सोडलीय. इनहेलर चालू आहे. पहिल्या डॉक्टरांनी छातीचं विचारलं होतं आणि फाईलमध्ये लिहून घेतलं होतं. दुसऱ्यांकडे गेलो तेव्हा फक्त स्कॅनची सीडी दाखवली. इनहेलरचा विषय निघालाच नाही.

भूलतज्ज्ञ_म
मग त्या दोघांचं उत्तर वेगळं आलं यात मला नवल वाटत नाही. दोघांना सारखीच माहिती द्या आणि फुप्फुसाची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री करून घ्या.

नवीनवाट
मीही यूरोलॉजीतच आहे. शल्यशलाका यांच्याशी बऱ्याच गोष्टींवर सहमत, दोन ठिकाणी नाही.

एक, कप्प्याच्या टोकाकडूनच शिरायचं हा नियम आता तितका अढळ राहिलेला नाही. ग्रीसमधल्या पात्रासच्या गटाने पॅपिलातून आणि पॅपिला सोडून केलेल्या वाटांची तुलना करणारी चाचणी केली, तीत रक्तस्रावात लक्षणीय फरक दिसला नाही. सांपायो यांचं काम साच्यांवरचं होतं. जिवंत मूत्रपिंडात वाहिन्या थोड्या सरकतात.

दोन, चर्चा पालथ्या स्थितीभोवतीच फिरतेय. उताणं झोपवून, कूस किंचित उचलून पीसीएनएल करण्याची पद्धत स्पेनचे वाल्दिविया उरिया यांनी रुजवली आणि आज अनेक ठिकाणी तीच पहिली पसंती आहे. तिचा खरा फायदा म्हणजे एकाच वेळी दोन वाटा मिळतात. एक सर्जन कुशीतून ताठ दुर्बीण घालतो, दुसरा लघवीच्या मार्गाने लवचीक दुर्बीण वर नेतो. याला ईसीआयआरएस म्हणतात. खालच्या किंवा मधल्या कप्प्यातून शिरायचं, आणि वरच्या फाट्याचे तुकडे लवचीक दुर्बिणीने फोडून खाली ढकलायचे. तुमच्या दादांसारख्या खड्यात बरगडीवर जाण्याची गरजच बऱ्याचदा राहत नाही. शिवाय लवचीक दुर्बिणीतून सुई आत शिरताना प्रत्यक्ष दिसते, हेही आहेच.

शल्यशलाका
ईसीआयआरएसबद्दल पूर्ण सहमत, मी ते लिहायला हवं होतं. पॅपिलाबद्दल मात्र मी माझी सवय सोडणार नाही. पात्रासचे सर्जन अत्यंत निष्णात आहेत. ज्याला कुठूनही शिरता येतं त्याच्या हातून फरक न दिसणं, आणि सर्वसाधारण हातात फरक नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकाऊ डॉक्टरला मी पॅपिलाच शिकवीन.

उताण्या स्थितीच्या अडचणीही सांगू या. मूत्रपिंड सुई टोचताना पुढे आणि मध्याकडे निसटतं, कातडीपासूनची वाट लांबते, पाणी लवकर वाहून गेल्यामुळे आतली जागा मिटते, आणि वरच्या कप्प्यात थेट शिरणं तिथून अवघड होतं. ज्याचा हात पालथ्या स्थितीत बसलाय त्याला रुग्णासाठी म्हणून अचानक उताण्यावर आणू नये.

नवीनवाट
हो, हे मान्य. पाणी लवकर वाहून जातं याची दुसरी बाजू मात्र चांगली आहे: आतला दाब कमी राहतो. जंतुसंसर्ग असलेल्या खड्यात मला तेच हवं असतं.

भूलतज्ज्ञ_म
भुलीच्या बाजूने उताणीच बरी. तोंड, श्वासनलिका, हात सगळं माझ्यासमोर. फार लठ्ठ किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला पालथं घालणं हा वेगळाच उपद्व्याप होतो.

मेघमल्हार
माझ्या आईची पीसीएनएल झाली तेव्हा वाट कुठली होती ते माहीत नाही, पण ऑपरेशननंतर त्याच रात्री थंडी वाजून ताप आला आणि रक्तदाब कोसळला. अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. नंतर कळलं की आधीच्या लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू होते आणि तो अहवाल ऑपरेशनच्या आधी कोणी बघितलाच नव्हता. रुग्णालयाचं नाव घेत नाही. तुम्ही वरून जा की खालून, कल्चरचा अहवाल हातात घेऊन तो डॉक्टरांना स्वतः दाखवा, ही कळकळीची विनंती.

शल्यशलाका
मेघमल्हार, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. कल्चरमध्ये जंतू असतील तर ते कुठल्या औषधाला मरतात ते पाहून आधी प्रतिजैविकं, मग ऑपरेशन. आणि सुई आत गेल्यावर पू आला तर त्या दिवशी खडा काढायचाच नाही. नळी ठेवायची, बाहेर यायचं, संसर्ग आटोक्यात आल्यावर त्याच वाटेने पुन्हा जायचं. स्टॅगहॉर्नमध्ये लघवीचं कल्चर स्वच्छ असूनही खड्यात जंतू असू शकतात, म्हणून निघालेल्या खड्याचंही कल्चर लावतात.

शांतिसागर
माझा आरआयआरएसचा मुद्दा निकाली निघाला, धन्यवाद. आता हे सांगा, 'मिनी' पीसीएनएल म्हणतात ती काय? छिद्र लहान तर धोका लहान, असंच ना?

नवीनवाट
छिद्राचं माप फ्रेंच एककात सांगतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी. नेहमीच्या पीसीएनएलची वाट २४ ते ३० फ्रेंच, म्हणजे ८ ते १० मिमी. मिनीची साधारण १४ ते २२. वाट बारीक असली की सहसा रक्त कमी जातं आणि अरुंद मानेच्या कप्प्यात शिरता येतं. पण मोठा खडा बारीक छिद्रातून काढायचा तर जास्त बारीक फोडावा लागतो, वेळ वाढतो आणि पाणी बाहेर पडायला जागा कमी असल्याने आतला दाब वाढू शकतो. मोठ्या खड्यात काही जण एक नेहमीची वाट आणि फाट्यासाठी एक मिनी वाट असं करतात. पण भलत्या कप्प्यात घातलेली १४ फ्रेंचची वाट बरोबर कप्प्यातल्या २४ च्या वाटेपेक्षा सुरक्षित आहे, असं कोणी म्हणालं तर मी मानणार नाही. आधी कुठून, मग केवढी.

पाऊलवाट
आणि सुई आत घालताना बघतात कशावर? माझ्या वेळी एक्स-रेचं मोठं यंत्र होतं.

क्षकिरण
ते सी-आर्म. आधी लघवीच्या मार्गाने मूत्रवाहिनीत बारीक नळी घालून औषध किंवा हवा सोडतात, कप्पे भरून दिसतात. पालथ्या रुग्णात हवा वर, म्हणजे मागच्या रांगेतल्या कप्प्यांत जाते, त्यामुळे नेमके हवे ते कप्पे ओळखता येतात. सोनोग्राफीवरही सुई घालता येते. किरणोत्सर्ग नाही, आणि सुईच्या वाटेतलं आतडं, प्लीहा, फुप्फुसाची कड हे सगळं दिसतं. गर्भवती आणि लहान मुलांत हा फार मोठा फायदा. पुढे तार आणि वाट रुंद करायची साधनं सोनोग्राफीत तितकी स्पष्ट दिसत नाहीत, म्हणून अनेक जण सुईपुरती सोनोग्राफी आणि पुढे सी-आर्म असं दोन्ही वापरतात. माझ्या मते डावीकडच्या कुठल्याही वाटेआधी निदान एकदा सोनोग्राफीचा प्रोब ठेवून बघावं.

अबोली
दोन्ही डॉक्टरांना पुन्हा भेटून आलो. यावेळी दोघांकडे एकच फाईल नेली: सीटी, कल्चर, स्पायरोमेट्री, इनहेलरची चिठ्ठी. तुमच्या सगळ्यांमुळे प्रश्न लिहूनच नेले होते.

कल्चरमध्ये जंतू निघाले, त्यामुळे आधी औषधं सुरू झालीत. स्पायरोमेट्रीत फुप्फुसाची क्षमता बरीच कमी आली. ती पाहून दुसरे डॉक्टर स्वतःच म्हणाले, हे आधी माहीत असतं तर मी बरगडीवरची वाट सुचवली नसती. खड्यासाठी तीच सरळ आहे, पण या छातीसाठी नाही. पहिल्या डॉक्टरांना आतड्याचं विचारलं. त्यांनी स्क्रीनवर एकेक चित्र पुढे सरकवत मोठं आतडं कुठे आहे ते दाखवलं. ते मूत्रपिंडाच्या बाजूला आहे, मागे नाही, पण खालच्या टोकाच्या बरंच जवळ आहे. म्हणून ते अगदी खालच्या कप्प्याऐवजी मधल्या मागच्या कप्प्यातून, बरगडीखालूनच जाणार आहेत. दादाला उताणं ठेवून, आणि सोबत लघवीच्या मार्गाने लवचीक दुर्बीण वरच्या फाट्यासाठी. सुई सोनोग्राफीवर घालणार.

त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं की एका बैठकीत सगळा खडा निघेलच असं नाही. दादाला ते पटलं. एकच विचारायचं राहिलं: रक्तस्रावाचा धोका घरी आल्यावरही असतो का?

शल्यशलाका
हा आराखडा वाचून समाधान वाटलं.

रक्ताचं सांगतो. ऑपरेशनच्या वेळी किंवा लगेच नंतर रक्त द्यावं लागण्याचं प्रमाण जगभरातल्या ९६ केंद्रांच्या, ५८०० हून अधिक रुग्णांच्या २०११ च्या एका मोठ्या पाहणीत ५.७ टक्के होतं. घरी गेल्यावरचा धोका वेगळा. सुईच्या वाटेत धमनीची भिंत दुखावली गेली असेल तर तिथे फुगा तयार होतो आणि तो साधारण पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात फुटू शकतो. शंभरात एखाद्याला होतं. सुरुवातीचे काही दिवस लघवी गुलाबी असणं नेहमीचं आहे, स्टेंट असेपर्यंत अधूनमधून तशी होतेही. पण स्वच्छ झालेली लघवी अचानक गडद लाल झाली, गुठळ्या पडल्या, लघवी तुंबली किंवा चक्कर आली तर वाट न बघता रुग्णालयात जायचं. तिथे मांडीतून किंवा मनगटातून नळी नेऊन नेमकी ती धमनी बंद करतात, मूत्रपिंड वाचतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दादा घेत असतील तर त्या कधी थांबवायच्या आणि कधी पुन्हा सुरू करायच्या हे डॉक्टरांकडून लेखी घ्या, स्वतः ठरवू नका.

नवीनवाट
आणि खडा उरला तर निराश होऊ नका. मूत्रपिंडात नळी ठेवून बाहेर आले असतील तर काही दिवसांनी तीच वाट वापरून पुन्हा आत बघता येतं, नवी सुई घालावी लागत नाही. उरलंय का हे ठरवायला साधा एक्स-रे पुरत नाही, कमी मात्रेचा सीटी करतात. तो कधी करायचा ते आधीच विचारून ठेवा.